आत्याची ताटली

माणसाने बँकेत नोकरी जरूर करावी, पण ती नातेवाइकांना कळू देऊ नये. मी गेली तेवीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. शिक्षण बी.कॉम.; समोर नोटा मोजायचं यंत्र, डोक्यावर एक पंखा आणि एक मॅनेजर; दोघंही आवाज फार करतात, वारा बेताचाच देतात. एवढ्या भांडवलावर आमच्या घराण्यात मला ‘किमतीतलं कळतं’ असा समज पक्का होऊन बसला आहे. वास्तविक सोनेतारणाचे दागिने कसोटीवर घासून बघतो तो बँकेने नेमलेला सराफ. मी फक्त त्याने लिहून दिलेल्या आकड्याखाली शिक्का मारतो. हे मी अनेकांना सांगून पाहिलं. कुणी ऐकत नाही.

म्हणून गेल्या वर्षी माईआत्या गेली आणि तिच्या गिरगावातल्या खोलीत आम्ही तिघं भाचवंडं वाटणीला बसलो, तेव्हा जे व्हायचं तेच झालं. वाटणी तशी सुरळीत चालली होती. पाटल्या सुनीताईला. शिवणयंत्र मला. तांब्याचा बंब बाळूदादाला, कारण तो सांगलीला ऐसपैस घरात राहतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात बंब आणला असता तर रात्री एकाला जिन्यात झोपावं लागलं असतं. शेवटी भिंतीवर राहिली ती निळी ताटली. सुनीताई म्हणाली, “ही मला द्याल का? आत्याची आठवण म्हणून.” मी ‘घे की’ म्हणणार, तेवढ्यात बाळूदादाने चष्मा कपाळावर चढवला.

“थांबा. ही चिनी आहे. अँटिक असणार. लंडनला एका घरात असली फुलदाणी निघाली, किती कोटींना गेली माहीत आहे का?”

खोलीत एकदम शांतता पसरली. आतापर्यंत ताटलीकडे ढुंकूनही न बघणारा मीसुद्धा, खोटं कशाला सांगू, मान वर करून बघू लागलो. सुनीताईचा चेहरा उतरला. पाटल्या घेतानासुद्धा ती एवढी अवघडली नव्हती.

“हा बँकेत आहे ना, हा किंमत काढेल. मग बघू,” बाळूदादाने निकाल दिला आणि ताटली वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. सुनीताई त्यानंतर चहालासुद्धा थांबली नाही.

फुलदाणीची गोष्ट खरी होती. २०१० साली लंडनच्या एका उपनगरातलं घर रिकामं करताना अठराव्या शतकातली, चिएनलुंग बादशहाच्या काळातली फुलदाणी सापडली आणि लिलावात चार कोटी तीस लाख पौंडांची बोली झाली. बाळूदादाला उरलेली अर्धी हकिकत ठाऊक नव्हती. बोली बोलणाऱ्याने पैसेच भरले नाहीत! आमच्या भाषेत सांगायचं तर चेक वटला नाही. शेवटी २०१३ साली ती खासगी व्यवहारात, बऱ्याच कमी किमतीला विकली गेली. पण लोकांच्या लक्षात राहतो तो पहिला आकडा.

आता ताटलीविषयी. ताटली म्हणजे जेवायच्या ताटाहून लहान, नाश्त्याच्या बशीहून मोठी. पांढऱ्यावर निळी नक्षी. उजवीकडे दोनमजली चिनी घर, त्याच्यामागे संत्र्याएवढी फळं लागलेलं झाड, पुढे नागमोडी कुंपण, मधोमध ओणवा झालेला विलो. (विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचाच विलायती भाऊबंद.) डावीकडे पूल, पुलावर तीन माणसं एकामागे एक निघालेली. वर पाण्यात होडी, पलीकडे बेट, आणि आकाशात चोचीला चोच भिडवू पाहणारे दोन पक्षी. वाचकांपैकी पुष्कळांनी ही नक्षी एखाद्या जुन्या इराण्याच्या कपाटात, एखाद्या पारशिणीच्या जेवणघरात किंवा इंग्रजी सिनेमात पाहिली असेल. मी ती माझ्या वयाच्या सहाव्या वर्षापासून पाहत होतो, आत्याच्या कॉटवर उताणा पडून.

माईआत्या नर्स होती. दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या बाईंची तिने शेवटची सहा वर्षं शुश्रूषा केली. त्या गेल्यावर त्यांच्या मुलाने आत्याला विचारलं, काय हवं ते माग. आत्याने ही ताटली मागितली. तो मुलगा बिचारा शरमला आणि वर एक शालही देऊ लागला. आत्याने शाल घेतली नाही.

त्या बाईंनी तिला ताटलीवरची गोष्ट सांगितली होती आणि आत्या ती आम्हाला सुट्टीत सांगायची. एका श्रीमंत चिनी अंमलदाराची मुलगी, तिचं नाव कुसुम. तिचं मन बसलं बापाच्या हाताखालच्या कारकुनावर. त्याचं नाव चांगदेव. (त्यामुळे पुढे शाळेत ज्ञानेश्वर-चांगदेव भेटीचा धडा आला तेव्हा मी बाईंना ‘चांगदेव चीनहून आला होता’ असं सांगून छडी खाल्ली.) बापाने कारकुनाला हाकलून दिलं आणि मुलीला बंगल्यात कोंडलं. मग एका रात्री दोघं पुलावरून पळाली, होडीत बसून बेटावर गेली, आणि शेवटी पाखरं होऊन उडाली. “आणि हा पुलावरचा तिसरा कोण गं?” मी विचारायचो. “बाप तो,” आत्या म्हणायची. “कंदील घेऊन मागून आलाय. अंधारात पोरं ठेचकाळतील म्हणून.”

चिनीमाती आणि आमचं घराणं यांचे संबंध तसे कधीच सलोख्याचे नव्हते. आजीच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात कपबशीला मज्जाव. पाहुण्यांसाठी चार कप होते ते पडवीतल्या कोनाड्यात, गुन्हेगारासारखे पालथे पडलेले. पितळ घासलं की शुद्ध होतं, चिनीमातीला लागलेला विटाळ जात नाही, असं तिचं शास्त्र. लोणच्याच्या बरण्या मात्र चिनीमातीच्याच, आणि त्या थेट देवघराशेजारच्या फडताळात! त्यांना ही सवलत का, हे विचारायची आमची प्राज्ञा नव्हती. पुढे या विषयाचं वाचन केलं तेव्हा मला आजीची मनोमन क्षमा मागावी लागली. इंग्रजांचं जे नामांकित ‘बोन चायना’, ते स्पोड नावाच्या कुंभाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलं, आणि त्यात निम्मी-अर्धी भर असते ती गुरांच्या हाडांच्या राखेची. नावातच ‘बोन’ आहे. तरी आपले लोक पिढ्यान् पिढ्या त्यात चहा पीत आले. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण नाक तीक्ष्ण होतं.

असो. ताटलीची किंमत काढायची तर पहिली पायरी म्हणजे ती उलटी करून पाठीवरचा छाप वाचणं, हे कुणीही सांगेल. पण ताटलीच्या पाठीवर आत्याने खळीने जाड खाकी कागद चिकटवला होता आणि त्यात भिंतीवर अडकवायचा सुतळीचा फास बसवला होता. कागद ओढून काढावा तर कोट्यवधींच्या मालाला ओरखडा जायचा. तेव्हा मी बँकेच्या शिरस्त्याप्रमाणे आधी नियमपुस्तक वाचायचं ठरवलं. आणि तिथेच फसलो. कारण चिनी भांड्यांची हकिकत वाचायला बसलेल्या माणसाला पुढचे दोन महिने घरातली मंडळी ‘जेवायला या’ असं तीनतीनदा सांगतात.

आपण ‘चिनीमाती’ म्हणतो, इंग्रजही नुसतं ‘चायना’ म्हणतात. म्हणजे मालकी कुणाची याबद्दल वाद नाही. च्यांगशी प्रांतातल्या चिंगतचेन गावच्या भट्ट्यांतून ही भांडी जगभर जात. केओलिन नावाची पांढरी माती आणि दुसरा एक दगड कुटून मिसळायचा, आणि १३०० अंशांच्या आसपास भाजायचं. मग ते असं होतं की उजेडासमोर धरलं तर पलीकडल्या बोटांची सावली दिसते आणि टिचकी मारली तर घंटेसारखं वाजतं. पण गंमत अशी की ज्या निळ्या रंगाला सारं जग चिनी म्हणून ओळखतं, तो कोबाल्ट चौदाव्या शतकात चिन्यांनी इराणातून मागवला होता. म्हणजे अस्सल चिनी मालातसुद्धा मूळ रंग परदेशी! इथूनच माझ्या पोटात जरा कालवायला लागलं.

युरोपात हा माल मुबलक पोचू लागला तो पोर्तुगीजांमुळे, आणि त्यांच्या व्यापारातलं मोठं नाकं म्हणजे आपला गोवा. मकाववरून आलेला माल गोव्याला उतरायचा आणि तिथून लिस्बनच्या गलबतांवर चढायचा. १६०३ साली डच लोकांनी सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचं ‘सांता कातारिना’ नावाचं जहाज धरलं. त्यावर चिनी भांड्यांचे सुमारे लाखभर नग होते. पुढल्या वर्षी ॲमस्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला आणि राजेरजवाडे बोली लावायला माणसं पाठवू लागले. चोरीचा माल उघड लिलावात विकून वर प्रतिष्ठा मिळवायची, ही डचांची हातोटी. मग डेल्फ्ट गावचे कुंभार पुढे सरसावले. त्यांना ती पांढरी माती साधेना, म्हणून साध्या मातीच्या भांड्यावर कथलाची पांढरी झिलई चढवून त्यावर निळ्या रंगात चिनी माणसं रंगवू लागले. कधीही चीन न पाहिलेल्या माणसांनी काढलेले चिनी! हातात छत्री, डोक्यावर टोपली, आणि चेहरा थेट हॉलंडमधल्या शेतकऱ्याचा. या सगळ्या प्रकाराला फ्रेंचांनी पुढे ‘शिन्वाझरी’ असं झोकदार नाव दिलं. नकलेला फ्रेंच नाव दिलं की तिची शैली होते.

फ्रान्सचा चौदावा लुई तर थेट महालावरच उतरला. १६७० साली त्याने व्हर्सायला आपल्या एका मैत्रिणीसाठी बाहेरून निळ्यापांढऱ्या फरशांनी मढवलेला ‘पोर्सेलीनचा’ बंगला उठवला. फरशा पोर्सेलीनच्या नव्हत्याच, आणि थंडीपावसात त्या तडकू लागल्या. १६८७ साली बंगला पाडला. आमच्या सोसायटीच्या दर्शनी भिंतीच्या फरशा सहा वर्षांत पडल्या तेव्हा मी सेक्रेटरींना हा दाखला दिला होता. त्यांनी तो इतिवृत्तात घेतला नाही.

पण या वेडात सर्वांवर कडी केली ती सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने. याने १७१७ साली प्रशियाच्या राजाला आपले सहाशे घोडेस्वार शिपाई देऊन टाकले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. सहाशे जिते माणूस! हिशेब केला तर एका भांड्यामागे जवळजवळ चार शिपाई. त्यांतल्या मोठ्या बरण्यांना अजून ‘ड्रॅगून बरण्या’च म्हणतात, ड्रॅगून म्हणजे ते शिपाई. शिपायांची नावं कुठे वाचायला मिळाली नाहीत. त्यांच्या घरी काय सांगितलं असेल? ‘तुमचा मुलगा लढाईत गेला’ हे सांगता येतं. ‘तुमचा मुलगा बरणीत गेला’ हे कसं सांगायचं?

या ऑगस्टसने ब्योटगर नावाच्या एका पोराला डांबून ठेवलं होतं. हा पोरगा हलक्या धातूचं सोनं करून दाखवतो अशी बोलवा होती. सोनं काही होईना. (आमच्या सराफाकडे नेला असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.) मग त्याला एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली मातीच्या कामाला जुंपलं आणि १७०८ च्या सुमारास त्या भट्टीतून खरोखरीच कडक, पांढरं पोर्सेलीन निघालं. १७१० साली माइसेनचा कारखाना निघाला. राजाला सोनं मिळालंच म्हणायचं. ब्योटगर मात्र सदतिसाव्या वर्षी, १७१९ साली, मरून गेला. इकडे खुद्द चिंगतचेनमध्ये एक फ्रेंच पाद्री, फादर दांत्रकोल, १७१२ आणि १७२२ साली लांबलचक पत्रं लिहून तिथली सगळी कृती पाककृतीसारखी घरी कळवत होता. धर्मप्रसाराला गेलेल्या माणसाने माती किती वेळ भिजवायची हे लिहावं, यावरून तो कारकून म्हणून जास्त चांगला झाला असता असं मला वाटतं.

आता इंग्रज. इंग्रजांनी त्यात यंत्र घातलं. १७५६ साली लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन या दोघांनी शपथेवर लिहून दिलं, की आम्ही सहा तासांत बाराशेहून अधिक फरशांवर नक्षी छापली. रंगाऱ्याला तेवढ्याला कित्येक महिने लागले असते. पुढे स्पोडने १७८४ च्या सुमारास झिलईखालची निळी छपाई बसवली. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, त्यात तेलातला कोबाल्ट गरम करून भरायचा, पातळ कागदावर छाप घ्यायचा, तो कागद कच्च्या भाजलेल्या भांड्यावर घासून बसवायचा, मग पाण्याने कागद धुऊन टाकायचा; नक्षी भांड्याला धरून राहते. हे कागद बसवायचं काम बहुतेक बाया आणि पोरी करत. काठाच्या नक्षीचे तुकडे जोडताना जिथे सांधा नीट जुळत नाही तिथे तो नजरेला येतो. आत्याच्या ताटलीवर तो सांधा खाली डाव्या बाजूला आहे. म्हणजे हाताने रंगवलेली नाही, छापलेली आहे. बाळूदादाच्या कोटींतली पहिली काही शून्यं तिथेच गळाली.

१७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांड्यांची घाऊक आयात थांबवली आणि स्टॅफर्डशरच्या कुंभारांचं फावलं. त्याच सुमाराला ही विलोची नक्षी जमून आली. मूळ कल्पना मिंटन नावाच्या कोरकाम्याची असं मानतात. चिनी भांड्यांवरचा पूल एका ठिकाणचा, घर दुसऱ्या ठिकाणचं, झाड तिसऱ्या ठिकाणचं, असं उचलून त्याने एक चित्र बसवलं. आमच्या साहेबांचं वार्षिक भाषण असंच तयार होतं. पण चित्र लोकांना भावलं आणि एकामागून एक कारखाने तेच छापू लागले, ते आजतागायत.

आणि गोष्ट? कुसुम आणि चांगदेव? तिच्यासाठी मी सर्वांत जास्त पुस्तकं उलथीपालथी केली. चीनमध्ये अशी गोष्टच नाही! आधी ताटली झाली आणि मग, पन्नासेक वर्षांनी, ताटली बघून इंग्रजांनी गोष्ट रचली. ती सविस्तर छापून आली १८४९ साली, ‘फॅमिली फ्रेंड’ नावाच्या लंडनच्या एका घरगुती मासिकात.

मुलीचं नाव कूंग-से, मुलाचं चँग. बाप जकातीच्या खात्यातला बडा अधिकारी. लाच खायची साहेबाने आणि हिशेब लिहायचे चँगने. व्यापाऱ्यांची कुरकुर वाढली तशी साहेबाने निवृत्ती घेऊन नदीकाठी बंगला बांधला आणि चँगला घरी पाठवलं. (हे वाचताना मी जागीच उठून बसलो. इंग्रजाने चीनविषयी काहीही न कळता लिहिलेल्या या गोष्टीत कचेरी मात्र हुबेहूब उतरली आहे.) मुलीचं लग्न ता-जिन नावाच्या सरदाराशी ठरलं. चँगने नारळाच्या करवंटीची होडी करून तिच्यातून चिठ्ठी पाठवली. मेजवानीत सगळे पिऊन पडलेले असताना दोघं निघाली. पुलावर पुढे ती, हातात सूतकताईची काठी. मधे चँग, त्याच्या हातात सरदाराने दिलेली दागिन्यांची पेटी. आणि मागे तिसरा, बाप.

बापाच्या हातात चाबूक आहे.

मी ते वाक्य दोन-तीनदा वाचलं. मग दुसरं पुस्तक काढलं. त्यातही चाबूकच. पुढे सरदाराची माणसं बेटावर जाऊन चँगला मारतात, ती घराला आग लावून आत जळून मरते, आणि देव त्यांची पाखरं करतात. आत्याने पाखरं ठेवली होती. मधलं सगळं गाळलं होतं. आणि चाबकाच्या जागी कंदील दिला होता.

मी सुनीताईला फोन केला. वाटणीपासून ती माझ्याशी तुटक बोलत होती. मी विचारलं, आत्याने तुला काय सांगितलं होतं, चाबूक की कंदील? ती म्हणाली, “कंदील.” मग जरा थांबून म्हणाली, “तुला ठाऊक नाही का रे? आजोबा शिरस्तेदार असताना त्यांच्या कचेरीत एक कारकून होता. सुट्टीच्या दिवशी घरी यायचा, फायली घेऊन. त्याची बदली करवली आजोबांनी. मग आत्या मुंबईला नर्सिंगला आली. आजोबा तिच्याकडे कधी आले नाहीत.” मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या घराण्यात किमतीतलं मला कळतं, बाकीचं सुनीताईला.

पण मूल्यांकन अर्धवट सोडणं आमच्या नोकरीत बसत नाही. एका शनिवारी फोर्टात वस्तुसंग्रहालयात जाऊन सर रतन आणि सर दोराब टाटांच्या संग्रहातली चीन-जपानची भांडी पाहिली, म्हणजे अस्सल काय असतं त्यावर डोळा बसावा. डोळा बसला, आणि पिशवीतली ताटली बाहेर काढायची लाज वाटली. तिथून चोरबाजारात मटन स्ट्रीटला गेलो. एका दुकानात दाढीवाले चाचा घड्याळाचे काटे पुसत बसले होते. त्यांनी ताटली हातातही न घेता विचारलं, “पीछे क्या लिखा है?”

“कागद आहे. म्हणजे, कागज चिपकाया है.”

“तो निकालो ना. आदमी का मुँह देखते, बर्तन की पीठ देखते.”

त्यांनीच ओलं फडकं मागवलं. कागद भिजेपर्यंत मला स्टुलावर बसवून चार गोष्टी शिकवल्या, ज्या मी दोन महिने पुस्तकांत वाचत होतो. अमेरिकेने १८९० साली जकातीचा कायदा केला, तेव्हापासून भांड्यावर देशाचं नाव आलं. म्हणजे पाठीवर ‘इंग्लंड’ असलं तर बहुधा माल १८९१ नंतरचा. चौकोनी पतंगासारखा छाप असला तर १८४२ ते १८८३ मधला, आणि नोंदणीचा नुसता आकडा असला तर १८८४ च्या पुढचा. पण छापावर विश्वास किती ठेवायचा? चिन्यांनीसुद्धा सतराव्या शतकातल्या भांड्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचं नाव लिहून ठेवलंय, काही वेळा फसवायला नव्हे, तर जुन्यांच्या आदरापोटी. माइसेनच्या दोन तलवारी तर निम्म्या युरोपने मारल्या. “नोट का वैसा नहीं है, साब. यहाँ नकली भी असली होता है, सौ साल पुराना हो तो,” चाचा म्हणाले. आमच्या रिझर्व्ह बँकेने हे ऐकलं तर काय म्हणेल कुणास ठाऊक. मी त्यांना शांघायची गंमत सांगितली: तिथे तळ्यातलं एक जुनं चहागृह पर्यटकांना ‘विलोच्या ताटलीवरचं घर’ म्हणून दाखवतात, आणि चिनी कुंभारांनी तर पुढे इंग्रजांची ही नक्कल बघून तिचीच नक्कल करून परदेशी पाठवली. चाचांना त्यात काही विशेष वाटलं नाही. “धंदा है,” ते म्हणाले.

कागद सुटला. खाली निळ्या अक्षरांत, अगदी स्वच्छ: ‘मेड इन जपान’.

अमेरिकेला ‘निप्पॉन’ चालेनासं झाल्यावर, १९२१ पासून, हा ‘जपान’ शब्द आला. चाचांनी झिलईवरून हात फिरवला आणि पन्नास-साठच्या दशकातली असेल म्हणाले. युद्धानंतरच्या अमेरिकन अमलातली, ‘ऑक्युपाइड जपान’ असं लिहिलेली असती तर षोकी लोक चार पैसे जास्त देतात. ही तशी नव्हती. थोडक्यात, चीनचं चित्र, इंग्रजांनी जुळवलेलं, जपान्यांनी छापलेलं, पारशी बाईंनी घेतलेलं, आणि गिरगावात मराठीत वाचलेलं.

“तीनसौ दूँगा,” चाचा म्हणाले. “काठाला टवका उडालाय म्हणून. नाहीतर साडेतीनशे.”

मी ताटली परत वर्तमानपत्रात गुंडाळली. बँकेत अर्ज नामंजूर करताना कारण लिहावं लागतं. इथे ते कुणी विचारलं नाही.

त्याच रात्री बाळूदादाला फोनवर अहवाल दिला. जपानी, छापील, टवका उडालेली, तीनशे रुपये. त्यात माझं मटन स्ट्रीटपर्यंतचं जाणं-येणं धरलं नव्हतं. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “अस्सं. मग सुनीला देऊन टाक.” मी म्हटलं, उद्याच पोचवतो. फोन ठेवता ठेवता सहज म्हणून त्याला इंग्रजी गोष्टीतला चाबूक सांगितला. बाळूदादा आजोबांचा लाडका. त्यांच्या शेवटच्या आजारात तोच त्यांच्या उशाशी होता.

“चाबूक?” तो म्हणाला. “काहीतरीच काय! कंदील आहे तो. आत्याने सांगितलाय मला.”

“पुस्तकात चाबूक आहे.”

“पुस्तक राहू दे. ताटली आहे ना तुझ्याजवळ? बघून सांग.”

मी ताटली दिव्याखाली धरली आणि नोटा तपासायचं भिंग आणलं. हिने विचारलं, आता काय? मी म्हटलं, पुलावर बघतोय. पहिली बाई, तिची काठी स्पष्ट. मधला चँग, पेटी स्पष्ट. तिसऱ्याच्या हाताशी छपाईचा कागद जरासा सरकला असावा. निळा रंग तिथे पसरला होता आणि त्यातून एक रेघ वर गेली होती.

“काय दिसतंय?” बाळूदादाने विचारलं.

“रेघ आहे,” मी म्हटलं.

“कसली?”

“रेघच. टोकाशी थोडं पसरल्यासारखं आहे.”

“मग तोच तो,” बाळूदादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.